आधी खुर्ची, मग फरशी : दातांचा दवाखाना उभा करताना

दातांच्या दवाखान्यासाठी गाळा बघायला गेलं की एजंट दर्शनी बाजू दाखवतो, पार्किंग दाखवतो, समोरच्या सोसायटीत किती फ्लॅट आहेत ते सांगतो. आम्ही आधी इमारतीच्या मागे जाऊन ड्रेनेजचं चेंबर कुठे आहे ते बघत होतो. भाड्यात घासाघीस होते, पाटी मोठी करता येते, पण खुर्चीपासून चेंबरपर्यंत सांडपाण्याला ढाळ मिळत नसेल तर त्या जागेत दातांचा दवाखाना कायम कुरकुरत चालतो.

हिशोब साधा आहे. ड्रेनच्या पाइपला फुटाला पाव इंच ढाळ लागतो. खुर्ची निचऱ्याच्या तोंडापासून दहा फूट लांब असेल तर अडीच इंच ढाळातच गेले. त्यात दीड इंची पाइप, वर मसाला आणि लादी. म्हणजे जवळपास सहा इंच. तळमजल्यावर तेवढा चर खणता येतो. वरच्या मजल्यावर स्लॅबला हात लावता येत नाही, तिथे अख्खी खोली सहा इंच उचलावी लागते आणि दारातच पायरी येते. गुडघे दुखणाऱ्या, काठी टेकत येणाऱ्या पेशंटसाठी ती पायरी रोजची अडचण. म्हणून वरचा मजला घ्यायचाच तर खुर्ची संडास-बाथरूमच्या भिंतीला लागून बसेल अशी जागा शोधावी.

आम्ही घेतला तो नाशिकच्या उपनगरातला तळमजल्याचा गाळा, १२ बाय ३४, म्हणजे ४०८ चौरस फूट. पुढे ९ फूट रिसेप्शन आणि बसायची जागा, मध्ये ९ बाय ९ च्या दोन खोल्या, त्यांच्या कडेने बोळ, आणि मागच्या ७ फुटांत निर्जंतुकीकरण, कॉम्प्रेसर आणि संडास. ९ बाय ९ ही आमच्या मते खालची मर्यादा. खुर्ची पूर्ण आडवी केली की साधारण सहा-सव्वासहा फूट होते, डोक्यामागे डॉक्टरच्या स्टुलाला किमान दोन फूट हवेत, आणि असिस्टंटच्या बाजूला ट्रॉली फिरवायला तीन. आठ फुटांत काम होतं, पण दिवसभर कोपर भिंतीला लागतं.

भाडेकरार लिव्ह अँड लायसन्सचा. महाराष्ट्रात तो लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं. अकरा महिन्यांचा करार दवाखान्याला परवडत नाही, कारण जमिनीखाली आणि भिंतीत घातलेला पैसा उचलून नेता येत नाही. पाच वर्षांचा करार, लॉक-इन (मुदतीआधी करार न मोडण्याची अट) मालकालाही लागू, आणि पुढच्या गोष्टींची लेखी परवानगी: फरशी फोडणं, एसीचं बाहेरचं युनिट, कॉम्प्रेसर, पाटी, वीजभार वाढवणं, एक्स-रे. काम चालू असतानाच्या काळाचं भाडं माफ किंवा अर्धं करून मागावं, बहुतेक मालक ऐकतात. तोंडी ‘करा हो डॉक्टर, काही हरकत नाही’ याला सोसायटीच्या बैठकीत किंमत नसते.

आता खुर्ची. इंटिरियरवाला पहिल्याच भेटीत फॉल्स सीलिंगची चित्रं दाखवतो आणि खुर्ची ‘नंतर बसेल’ म्हणतो. ती नंतर बसत नाही. प्रत्येक मॉडेलचा जंक्शन बॉक्स (पाणी, हवा, वीज खुर्चीला जिथे जोडतात तो डबा) वेगळ्या जागी असतो: कुणाचा पायाशी डावीकडे, कुणाचा थेट खुर्चीच्या बुडाखाली. म्हणून खुर्चीचं मॉडेल पक्कं करून, आगाऊ रक्कम देऊन, कंपनीकडून फरशीचा आराखडा मागवायचा आणि तो खऱ्या मापात कागदावर काढून जमिनीवर चिकटवायचा. मग त्यावर एखादी खुर्ची नि स्टूल ठेवून उजवा हात कुठे जातो, दार उघडलं की पेशंटचं तोंड बोळातून दिसतं का, हे बघून घ्यायचं. त्यानंतरच गवंड्याला बोलवायचं.

जंक्शन बॉक्समध्ये इतक्या गोष्टी येतात: अर्धा इंची पाण्याची लाइन (बाहेर हाताशी स्टॉपकॉक), दीड इंची ड्रेन, हवेची नळी, सक्शनची (तोंडातलं पाणी-लाळ ओढून घेण्याची) लाइन, वीज, आणि आरव्हीजी (दातांच्या डिजिटल एक्स-रेचा सेन्सर) आणि कॅमेऱ्यासाठी डेटा केबलचा रिकामा पाइप. हा शेवटचा रिकामा पाइप हमखास विसरला जातो आणि मग केबल फरशीवरून टेपने चिकटवलेली दिसते. ड्रेनला खुर्चीजवळ पी-ट्रॅप (पाणी साचून वास अडवणारा वाकडा पाइप) हवाच, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात चेंबरचा वास आणि झुरळं थेट स्पिटूनमधून (खुर्चीशेजारच्या थुंकायच्या भांड्यातून) येतात. काटकोनातलं एल्बो टाळून ४५ अंशाचे दोन जोड घालायला सांगावं. रक्ताच्या गुठळ्या, कापूस आणि पॉलिशिंग पेस्ट काटकोनात अडकतात. आणि फरशी बुजवण्याआधी ड्रेनचं खालचं तोंड बंद करून पाइप रात्रभर पाण्याने भरून ठेवायचा, पातळी सकाळी तेवढीच हवी. प्लंबर म्हणतो, गरज नाही. गरज आहे.

सुरुवात एकाच खुर्चीवर करायची ठरली होती, तरी दुसऱ्या खोलीतही सगळ्या लाइनी टाकून तोंडं बंद करून ठेवल्या. मजुरी तेव्हाच चालू असते, त्यामुळे वाढीव खर्च फक्त पाइपांचा. पुढे चालू दवाखान्यात फरशी फोडायची म्हणजे आठवडाभर कुलूप आणि महिनाभर धूळ.

कॉम्प्रेसर ऑइल-फ्रीच घ्यावा. तेलाचा कॉम्प्रेसर स्वस्त पडतो, पण हवेतून आलेला तेलाचा अंश दातावर बसला की बाँडिंग (फिलिंग दाताला चिकटवणारा थर) धरत नाही. एका खुर्चीला १ एचपी आणि ३० लिटरच्या आसपासची टाकी पुरते, पण त्याला एक अट आहे. खुर्चीतलं सक्शन व्हेंचुरीवर (हवेच्या झोताने ओढ निर्माण करून) चालणारं असेल तर ते कॉम्प्रेसरचीच हवा खातं. मग एअरोटर (हवेवर फिरणारं, दात कोरायचं हत्यार) आणि सक्शन एकत्र चालू झालं की मोटार थांबतच नाही, टाकी तापते, आणि तापलेली हवा थंड होताना पाणी सोडते. म्हणून सक्शनला वेगळी मोटार घेतली. पुढे दोन खुर्च्या चालवायच्या तर दीड-दोन एचपी आणि ५० ते ६० लिटर.

हवेतलं पाणी हा एअरोटरचा खरा वैरी. कार्ट्रिजमधल्या (एअरोटरच्या आतल्या फिरत्या भागातल्या) बेअरिंगला ओल लागली की आवाज बदलतो, मग बर (दात कोरायचं टोक) थरथरतो, मग कार्ट्रिज जातं. लाइनवर मॉइश्चर सेपरेटर आणि रेग्युलेटर बसवायचा, आणि रोज काम संपलं की टाकीच्या बुडाचा कॉक उघडून पाणी काढायचं. पावसाळ्यात किती निघतं ते एकदा वाटीत धरून बघण्यासारखं आहे. दाबाचंही तसंच: कॉम्प्रेसरच्या काट्यावर ६ बार दिसतात, पण एअरोटरला साधारण २.२ ते २.८ बार लागतात आणि ते एअरोटर चालू असताना, त्याच्या नळीवर गेज लावून मोजायचे. बसवायला आलेला तंत्रज्ञ घाईत असतो. दाब जास्त ठेवला की डॉक्टरला ‘कटिंग मस्त’ वाटतं आणि कार्ट्रिज वर्षाच्या आत मागतं. कॉम्प्रेसर रबरी पॅडवर, जाळीच्या झडपेच्या मागे ठेवला. आवाज अडवायला बंद पेटीत कोंडला तर तापून ट्रिप होतो.

पाण्याच्या बाबतीत बोअरवर विश्वास ठेवू नये. क्षाराने स्केलरच्या (दात साफ करायच्या यंत्राच्या) टोकातली आणि एअरोटरच्या स्प्रेची बारीक छिद्रं बुजतात, पाणी कमी पडतं, दात तापतो. खुर्चीला स्वतंत्र बाटलीची सोय असलेलं मॉडेल घेऊन त्यात आरओचं पाणी आणि ऑटोक्लेव्हला (वाफेने हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला) डिस्टिल्ड, अशी वाटणी केली. नळ्यांच्या आत जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. त्यावर उपाय: सकाळी दोन मिनिटं आणि दोन पेशंटच्या मध्ये वीस-तीस सेकंद पाणी नुसतं सोडणं, रात्री बाटली काढून नळ्या कोरड्या करणं. खुर्चीच्या पाण्यात मिलिलिटरला ५०० पेक्षा जास्त जंतू नकोत, हा सर्वसाधारण निकष. हात धुवायच्या बेसिनखाली प्लास्टर ट्रॅप लावला, कारण अल्जिनेट (दातांचं माप घ्यायचं मटेरियल) आणि प्लास्टर पाइपात जाऊन घट्ट बसतात आणि मग तो तुकडा कापूनच काढावा लागतो.

विजेला वायरमनच्या अंदाजावर न जाता बेरीज केली. कॉम्प्रेसर पाऊण किलोवॅट, ऑटोक्लेव्ह दोन, दीड टनाचा एसी दीड, खुर्ची अर्धा, सक्शन, दिवे, फ्रीज, संगणक: सहा किलोवॅटच्या घरात गेलं. गाळ्याचा मंजूर भार निम्माही नव्हता. भारवाढीचा अर्ज काम सुरू होतानाच करावा. ऑटोक्लेव्हला स्वतंत्र सर्किट, ४ चौ.मिमी.ची वायर. अर्थिंग वेगळं तपासून घेतलं. ते कच्चं असेल तर आरव्हीजीच्या प्रतिमेत आडव्या रेघा येतात आणि दोष सेन्सरच्या माथी जातो. इन्व्हर्टरवर खुर्ची, दिवा, संगणक घ्यावेत, कॉम्प्रेसर नाही: मोटार सुरू होताना चार-पाच पट करंट ओढते आणि इन्व्हर्टर बसतो. भरलेल्या टाकीवर हातातलं काम आवरण्यापुरती काही मिनिटं मिळतात, तेवढी पुरतात.

निर्जंतुकीकरणाची जागा उरलेल्या कोपऱ्यात ढकलली जाते, ते आम्हाला पटत नाही. सहा फूट लांबीचा सलग ओटा लागतोच. एका टोकाला वापरलेली हत्यारं येतात, मग सिंक, अल्ट्रासॉनिक क्लीनर, पुसून वाळवण्याची जागा, पाऊच सील करण्याचं मशीन, ऑटोक्लेव्ह, आणि दुसऱ्या टोकाला बंद कपाट. वाट एकाच दिशेची. धुतलेलं आणि न धुतलेलं एकमेकांना ओलांडून गेलं की असिस्टंट कितीही मन लावून काम करणारी असली तरी घोळ होतो.

ऑटोक्लेव्ह बी क्लासचा घेतला, २३ लिटर. साध्या, गुरुत्वाकर्षणावर हवा बाहेर काढणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये उघडी, भरीव हत्यारं निर्जंतुक होतात (१२१ अंश, १५ पीएसआय, १५ ते २० मिनिटं), पण एअरोटरच्या पोकळीत आणि पाऊचमध्ये अडकलेली हवा निघत नाही. जिथे हवा राहते तिथे वाफ पोचत नाही. बी क्लास आधी व्हॅक्यूमने हवा खेचतो, मग १३४ अंशांवर तीन-चार मिनिटं धरतो. तेवढंच ऐकून लोकांना वाटतं पाच मिनिटांचं काम. व्हॅक्यूम, तापणं, वाळवणं धरून चक्र पाऊण तासाचं होतं आणि आधीची धुलाई-पॅकिंग धरली तर हत्यार हातात परत यायला सव्वा तास. अपॉइंटमेंट अर्ध्या तासाची असेल तर त्या वेळात तीन पेशंट होतात. म्हणून एका खुर्चीला किमान चार एअरोटर आणि आरसा-प्रोब-चिमट्याचे पंधरा ते वीस संच. एअरोटर दोनच असले की दुपारनंतर ‘स्पिरिटने पुसून घे’ सुरू होतं, आणि तिथे दीड लाखाचा ऑटोक्लेव्ह फुकट जातो.

पाऊच एकावर एक आडवे रचले की कागद ओला राहतो, आणि ओला पाऊच निर्जंतुक धरायचा नाही. रॅकमध्ये उभे, मध्ये फट ठेवून लावायचे. एअरोटरला पाऊचमध्ये घालण्याआधी तेल. पाऊचवरची रंग बदलणारी पट्टी फक्त ‘हा आत जाऊन आला’ इतकंच सांगते. जंतू मेले का, हे आठवड्यातून एकदा जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसच्या बीजाणूंची चाचणी ठेवून कळतं. तिची वही पहिल्या दिवसापासून ठेवली.

एक्स-रे मशीन विकत घेण्याआधी परवानगीचा रस्ता बघावा. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर आधी दवाखान्याची नोंद, मग यंत्राची. मॉडेल मंडळाने मान्य केलेलं आहे का, हे विक्रेत्याच्या तोंडावर न विसंबता पोर्टलवर तपासायचं. बसवल्यावर गुणवत्ता चाचणीचा अहवाल घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत, कारण नोंदणीला तोच लागतो आणि पुढे दर दोन वर्षांनी ती चाचणी करावी लागते. स्वस्तातलं, हातात धरून वापरायचं, कुठल्याही कागदाविना येणारं मशीन प्रदर्शनांत सर्रास दाखवतात. त्याच्या वाटेला जाऊ नये. मशीनचा भिंतीवरचा हात धरायला पक्की विटांची भिंत लागते. जिप्समच्या पार्टिशनवर बसवला तर काही महिन्यांत तो खाली ओघळायला लागतो आणि प्रतिमा हलते. आमची मधली भिंत पार्टिशनची असल्याने मशीन बाहेरच्या विटांच्या भिंतीवर घेतलं. एक्सपोजर देणाऱ्याने किमान सहा फूट लांब आणि किरणांच्या वाटेत न येता बाजूला उभं राहायचं, खोली आखताना ती उभं राहायची जागाही आखायची. आरव्हीजी सेन्सरची केबल सेन्सरला जोडते त्या मानेशी मोडते. ती गुंडाळून ठेवू नये, भिंतीवर लांब टांगावी.

बाकी कागद. आम्हा दोघा डॉक्टरांचीही महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी चालू असल्याची खात्री, आणि नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर नि दवाखान्यात दिसेल असा. खाटा नसल्यामुळे नर्सिंग होमची नोंदणी लागली नाही. दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ खाली माणसं कमी असल्याने फक्त ऑनलाइन सूचना. स्वतःचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये, आणि पगारी माणसांचा पगार त्या कराच्या मर्यादेत येत असेल तर मालक म्हणून वेगळा क्रमांक. पाटी मराठीत, देवनागरीत, आणि इतर कुठल्याही लिपीतल्या अक्षरांपेक्षा मराठी अक्षर लहान नको. पाटीवर ‘वेदनारहित’, ‘सर्वोत्तम’ असलं काही नको, दंतवैद्यकांच्या आचारसंहितेत ते बसत नाही. दवाखाना सुरू झाल्याची साधी जाहिरात मात्र चालते.

कचऱ्याचा कागद सगळ्यात आधी हलवावा, कारण त्यात दोन टप्पे आहेत. पहिला, आपल्या भागातल्या सामाईक जैववैद्यकीय कचरा प्रक्रिया केंद्राचं सभासदत्व. दुसरा, ते जोडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अधिकारपत्राचा अर्ज. २०१६ च्या नियमांनुसार खाटा नसलेल्यांना ते एकदाच मिळतं, मात्र वार्षिक अहवाल दरवर्षी ३० जूनपर्यंत द्यायचा. वर्गीकरण असिस्टंटला तोंडी सांगून भागत नाही, डब्यांवर चित्रं लावली. पिवळ्यात रक्ताळलेला कापूस आणि काढलेले दात. लाल डब्यात हातमोजे, सक्शनची टोकं, सुईविना सिरिंज. पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात सुया, ब्लेड, रूट कॅनॉलच्या फाइली आणि खराब बर. निळ्यात काचेच्या कुप्या आणि भुलीची रिकामी कार्ट्रिज. सगळ्यात जास्त गल्लत फाइलींची होते: कापसाच्या गोळ्यात अडकून त्या पिवळ्या पिशवीत जातात आणि पिशवी उचलणाऱ्याच्या हाताला लागतात. रक्ताळलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, त्यामुळे गाडी कुठल्या वारी येते हे विचारूनच सुट्टीचा वार ठरवला.

खरेदीत दोन गोष्टी. दवाखान्याची उपचारसेवा जीएसटीतून मुक्त आहे, म्हणून खरेदीवर भरलेला जीएसटी परत मिळत नाही. दरपत्रकांची तुलना करासकट आकड्यांची करावी. आणि काँपोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग), बाँडिंग, सिमेंट, इंप्रेशन मटेरियल भरमसाठ सवलतीत घेऊ नये. सुरुवातीला पेशंट कमी आणि मुदत चालू, अर्धं फेकलं जातं. काँपोझिटच्या रंगछटांतही ए२, ए३, ए३.५ एवढ्याने सुरुवात होते. भुलीसाठी ३० मि.ली.ची मोठी कुपी स्वस्त दिसते, पण वापरलेली सुई पुन्हा तिच्यात जाण्याचा धोका राहतो. म्हणून १.८ मि.ली.ची कार्ट्रिज, एक पेशंट एक सुई.

आपत्कालीन डबा पहिल्या पेशंटच्या आधी भरलेला हवा: ऑक्सिजन सिलिंडर मास्कसह, अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी), अॅड्रेनालिन १:१०००, हायड्रोकॉर्टिसोन, अॅव्हिल, सॉर्बिट्रेट, ३०० मि.ग्रॅ. अॅस्पिरिन, सालब्युटामॉल इनहेलर, ग्लुकोज. डब्याच्या झाकणावर आतून मात्रा मराठीत लिहिल्या, उदाहरणार्थ तीव्र अॅलर्जीत मोठ्या माणसाला अॅड्रेनालिन अर्धा मि.ली. मांडीच्या स्नायूत. ऐन वेळी कुणालाच काही आठवत नाही. सिलिंडरची चावी साखळीने सिलिंडरलाच बांधलेली बरी.

असिस्टंट आणि सफाईच्या बाई दोघींना हिपॅटायटिस बीची लस ०, १ आणि ६ महिन्यांची. पूर्ण संरक्षणाला सहा महिने लागतात, म्हणून नेमणूक झाल्याबरोबर पहिला डोस. सुई टोचली तर काय करायचं तेही लिहून लावलं: वाहत्या पाण्याखाली साबणाने धुणं, पिळायचं नाही, आणि लगेच सरकारी रुग्णालयात. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं दोन तासांत सुरू झालेली चांगली, ७२ तासांनंतर उपयोग नाही. पत्ता आणि फोन त्याच कागदावर.

उद्घाटनाआधी एक दिवस सगळं एकदम चालवून बघितलं: एसी, ऑटोक्लेव्ह, कॉम्प्रेसर, सक्शन, एक्स-रे, सगळं एकाच वेळी. एमसीबी पडायची ती त्याच दिवशी पडलेली बरी. ओळखीच्या माणसाला पेशंट म्हणून बसवून फोनपासून बिलापर्यंत सगळा प्रवास केला. त्यात कळलेल्या बाबी बारीक होत्या: खुर्चीचा दिवा वर ढकलला की एसीच्या झोतात येतो, रिसेप्शनवरून आतलं बोलणं ऐकू येतं, संमतीपत्राचा मराठी मजकूर वयस्कांना वाचायला बारीक पडतो.

पैशाचं नियोजन करताना सहा महिन्यांचं भाडं, पगार आणि कर्जाचा हप्ता वेगळ्या खात्यात ठेवूनच उपकरणांचं बजेट ठरवावं. उलट केलं तर तिसऱ्या महिन्यात हात आखडतो आणि कात्री आधी लागते ती हातमोज्यांना आणि पाऊचना.

शेवटचं, एक छोटा ड्रॉवर सुट्या भागांचा: एअरोटरच्या ओ-रिंग आणि एक जादा कार्ट्रिज, ऑटोक्लेव्हच्या दाराचं रबर, खुर्चीचे फ्यूज, ३-वे (हवा-पाण्याच्या) सिरिंजची टोकं, सक्शनची गाळणी, स्केलरची चावी. कंपनीचा माणूस कितीही चांगला असला तरी सोमवारी फोन केला तर बुधवारी येतो. पायाचा स्विच अडकणं, गाळणी तुंबणं, ओ-रिंग जाणं ही दुरुस्ती बसवण्याच्या दिवशीच त्याच्याकडून असिस्टंटला शिकवून घ्यावी आणि मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवावा.